हनुवटीकाकांनी काय काय पुसलं

त्यांना सगळे हनुवटीकाका म्हणत, आणि त्याला कारण त्यांचंच तोंड.

माणूस स्टुलावर बसला की काका आधी कॅमेऱ्यामागून नुसते बघत राहत. मग म्हणत, "हनुवटी जरा खाली." माणूस हनुवटी खाली घ्यायचा. "इतकी नको." माणूस वर घ्यायचा. "आता श्वास सोडा. सोडलात? मग लगेच घेऊ नका." आणि माणूस गुदमरायच्या बेताला आला की खटका दाबला जायचा. त्यामुळे त्या गल्लीतल्या झाडून सगळ्यांच्या ओळखपत्रांवर एकच भाव आहे. आत्ताच कुणीतरी विहिरीतून वर काढल्यासारखा.

खोलीत खुंटीवर एक काळा कोट टांगलेला. गवंडी, शाळेचा शिपाई, बेकरीवाला, बेकरीवाल्याचा मेहुणा, सगळे फोटोपुरते त्या कोटात शिरून बाहेर आलेले. कोट मागून पार उसवला होता. "फोटोला पाठ नसते," काका म्हणायचे. शेजारी आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा आणि पावडरचा डबा. डबा बायकांसाठी म्हणून ठेवलेला, संपवायचे पुरुष.

फोटो निघाला की खरं काम सुरू. गिऱ्हाईक बाहेर बाकावर, आणि आत काका कॉम्प्युटरला नाक लावून त्याची साफसफाई करतायत. कुणाचा चामखीळ, कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कुणाच्या कपाळावरची घडी. ना कुणाला विचारायचं, ना कुणाला सांगायचं. घासलेलं भांडं परत देताना ते किती काळं होतं हे कुणी बोलून दाखवतं का, असा त्यांचा हिशेब. लोक फोटो बघायचे, खूश व्हायचे आणि आपण मुळातच बरे दिसतो अशी समजूत करून घेऊन घरी जायचे. गल्लीत स्वतःवर खूश असलेली माणसं जरा जास्तच होती, त्यात काकांचा हात मोठा होता.

पण धंदा बसत चालला होता. पूर्वी कुठल्याही कचेरीची पायरी चढायची तर आधी काकांची पायरी चढावी लागे. आता कचेरीच्या खिडकीवरच डोळ्याएवढा कॅमेरा बसवलेला. माणूस "कुठे बघू?" म्हणेपर्यंत फोटो निघालेला असतो. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. "आणि तो चालतो," काका सांगायचे, कुणी गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात.

काकांच्या खोलीला लागूनच काकींचं किराणा दुकान. मधे दार, दाराला पडदा. दुकानात पीठ, साखर, तेल, साबण, खराटे, बॅटऱ्या, सगळं होतं. नव्हती ती जागा. तेलाचे डबे पायात यायचे, पोती गल्ल्याला टेकली होती, आणि काकींना मागे वळायचं तर आधी बाहेर यावं लागायचं. येता-जाता त्या पडदा सरकवून नवऱ्याच्या खोलीकडे बघत. ते बघणं साधं नव्हतं. नजरेनेच त्या पोती रचून बघत.

"ही खोली रिकामीच असते," काकी म्हणायच्या.

"रिकामी कशी? मी बसलोय ना."

"तेच म्हणतेय मी."

शेवटी एक दिवस त्यांनी सांगून टाकलं: नवा माल यायच्या आत खोली मोकळी हवी, फोटोचं काय ते घरी एखाद्या कोपऱ्यात करा. काकांनी निषेध म्हणून जेवताना मौन धरलं. काकींना ती शांतता आवडली. मग काकांना मौन सोडावं लागलं.

त्याच दिवसांत पैसे घ्यायची यंत्रं बसवणाऱ्या कंपनीची एक पोरगी आली. कपाळावर हेल्मेटचा वळ, खांद्याला जड पिशवी, आणि पिशवीत एक यंत्र. साबणाच्या पेटीएवढं, एका पायावर उभं, समोर काच.

"काकी, यात चेहरा एकदा नोंदवायचा आणि बँकेचं खातं जोडायचं," पोरगी म्हणाली. "मग नुसतं समोर उभं राहायचं. फोन नको, पाकीट नको, आकडा पाठ करायला नको. चेहरा हेच पाकीट."

काकींना आकड्याची गोष्ट पटली. संध्याकाळची रांग अडायची ती आकड्यांपाशीच. कोपऱ्यावरचे आजोबा तर आपला गुप्त आकडा मोठ्याने म्हणत, कारण मनातल्या मनात म्हटला तर विसरायला होतं. तो अख्ख्या रांगेला पाठ झाला होता. एकदा आजोबा मधेच अडले, तर मागच्या दोघींनी एका सुरात पुढचा सांगितला.

"ठेवते थोडे दिवस," पोरगी म्हणाली. "लोकांनी वापरलं तर राहील. नाही वापरलं तर चौकातल्या मोठ्या दुकानाला देऊ, ते मागतायतच."

चौकातल्या दुकानाचं नाव निघाल्यावर काकींनी यंत्र गल्ल्यावर ठेवूनच घेतलं.

पण लोक काही पुढे येईनात. पोरगी हसून बोलावायची, लोक हसून मागे सरकायचे. आजोबांनी बारकाईने चौकशी केली.

"नुसतं समोर उभं राहिलं की पैसे जातात?"

"हो आजोबा."

"आणि समोरून चालत गेलं तर?"

पोरीने समजावलं, पण आजोबांचं समाधान झालं नाही. तेव्हापासून दुकानावरून जाताना ते कडक उन्हात छत्री उघडून आडवी धरत आणि तिच्याआडून खेकड्यासारखे पलीकडे निघून जात. आधी ते नुसते आजोबा होते, आता छत्रीआजोबा झाले.

गवंड्याची अडचण वेगळी. "पाकीट घरी राहिलं, असं आता बायकोला सांगता यायचं नाही," तो म्हणाला. "तोंड तर बरोबरच असतं." आणि निवृत्त शाळामास्तरीण, ज्यांना सगळी गल्ली 'बाई' म्हणते, त्या म्हणाल्या, "हा चेहरा मी जन्मभर वर्गाला धाक घालायला वापरला. आता त्याच्यावर साबण विकत घेऊ?"

गल्लीतली एक नर्स तेवढी पुढे झाली. रात्रपाळी करून आली होती, घाई होती. यंत्रासमोर वाकली, काचेत बघितलं आणि थबकली.

"ही कोण?" तिने विचारलं.

"तुम्हीच, ताई," पोरगी म्हणाली.

नर्सने मुकाट्याने पाकीट काढलं.

हे सगळं काका पडद्याआडून बघत होते, आणि त्यांना जे दिसलं ते कंपनीला दिसलं नव्हतं. यंत्र गल्ल्यावर ठेवलेलं, म्हणजे माणसाच्या छातीशी. काचेत दिसायच्या त्या दोन नाकपुड्या, त्यांच्याखाली लोंबणारा गळा आणि मागे छताचा पंखा. एवढ्यावर माणसाला स्वतःची ओळख द्या म्हटलं तर कुणाचं मन होणार?

संध्याकाळी दुकान बंद करताना ते काकींना म्हणाले, "लोक पैशाला भीत नाहीत."

"मग कशाला भितात?"

"तोंडाला. स्वतःच्या." काका आता खुलले होते. "त्या पोरीला विचारलं मी. बाहेर काढलेला चांगला फोटोही नोंदवता येतो म्हणाली. मी काढतो. आत, माझ्या दिव्यांत. बघ लोक कसे येतात. यंत्र चाललं तर खोली माझी. पुन्हा पोत्यांचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही चाललं तर?"

"तर पोती आण."

"त्यांनाही हनुवटी खाली करायला सांगाल," काकी म्हणाल्या. पण जरा विचार करून त्यांनी मान डोलावली. काकींचा शब्द म्हणजे शब्द असतो. तो कधी आपल्या बाजूने असतो, कधी नसतो, एवढंच.

आणि लोक आले की. बेकरीवाला पहिला आला, फोटो बघून हरखला, गल्लीभर फिरून सगळ्यांना दाखवत बसला. मग रीघच लागली. चेहऱ्यावर पैसे द्यायचे आहेत म्हटल्यावर ज्यांना कापरं भरत होतं, त्यांना फोटो काढायचा आहे म्हटल्यावर काहीच वाटेना. गवंडी दाढी करून, कोट चढवून बसला. नर्स सुट्टीच्या दिवशी केस धुऊन आली. छत्रीआजोबा तर फक्त समारंभाला घालायची कवळी बसवून हजर.

"आजोबा, छत्री मिटा."

"नंतर उघडता येईल ना?"

"येईल. हनुवटी जरा खाली."

कितीतरी वर्षांनी बाहेरच्या बाकावर बसायला जागा उरली नव्हती. काका सकाळी सगळ्यांना स्टुलावर गुदमरवत आणि दुपारभर त्यांची साफसफाई करत. हात असा सुटला होता की आवरेना. ज्याच्या तोंडावर पुसण्याजोगं काही नव्हतं त्याचंही जाता-जाता थोडं पुसत. मूळ फोटो ते ठेवतच नसत. घासून झाल्यावर खरकटं कुणी जपून ठेवतं का? झालेले फोटो कंपनीच्या पोरीकडे गेले. तीही खूश. काकींनी पडदा सरकवून खोली बघायचं बंद केलं, आणि काका जेवताना नको इतके बोलू लागले.

मग लोक त्या चेहऱ्यांनी खरेदीला आले.

पहिला गवंडी. दिवसभराचं सिमेंट भुवयांवर, खांद्यावर घमेलं. समोर उभा राहिला. यंत्रातून एक गोड बाई बोलली, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात: "माफ करा. ओळख पटली नाही."

गवंड्याने बाहीने तोंड पुसलं. परत उभा राहिला.

"माफ करा. ओळख पटली नाही."

"बरोबर आहे तिचं," गवंड्याची बायको मागून म्हणाली. "हा घरी आला की मलासुद्धा जरा वेळ पटत नाही."

रांग हसली. पण मग रांगेतल्या एकेकाचं तसंच व्हायला लागलं आणि हसणं मागच्या मागे विरत गेलं. बेकरीवाल्याची ओळख पटली नाही. शिपायाची पटली नाही. बाईंची एकदा पटली, एकदा नाही, आणि नाही पटली तेव्हा बाईंनी यंत्राकडे असं बघितलं की जुने विद्यार्थी दोन पावलं मागे झाले.

मधेच कुणाची पटायची. तेवढ्यावर लोकांनी नियम बसवले. कुणी म्हणे भांग पाडून आलं की ओळखते. कुणी म्हणे पावडर लागते. शिपायाची ओळख पटली तेव्हा योगायोगाने त्याने श्वास रोखला होता. झालं, सगळ्यांना कोडं सुटल्यासारखं वाटलं. यंत्राला तेच हवंय, जे काकांना हवं असतं. त्या आठवड्यात संध्याकाळी दुकानासमोरून जाणाऱ्याला दिसायचं ते असं: कांदे-बटाट्यांच्या पिशव्या धरलेली माणसं ओळीने उभी, सगळ्यांच्या हनुवट्या खाली, श्वास सोडलेले. हातोहात एक कंगवा पुढे सरकतोय. आणि गवंडी आतून कोट मागून आणून, उसवलेली पाठ रांगेकडे करून, साखर घ्यायला उभा आहे.

"माफ करा," ती गोड बाई म्हणायची.

काकींची रांग पूर्वी आकड्यांपाशी अडायची. आता ती जागचीच हलायची नाही. उभं राहून राहून त्यांची कंबर धरली. गिऱ्हाइकं चौकातल्या दुकानाकडे वळायला लागली. "तिथे निदान कुणी तोंडावर सांगत नाही की तू तू नाहीस," बेकरीवाल्याचा मेहुणा म्हणाला. काका पडद्याआडून यंत्राला शिव्या घालत होते. हलकं यंत्र. काचच धड नसेल.

आणि मग एका संध्याकाळी नर्स आली. झोपलेलं पोर खांद्यावर, हातात दुधाची पिशवी. घाईत पाकीट घरीच राहिलं होतं. यंत्राने तिला नाही म्हटलं. परत नाही म्हटलं. पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊन तिने बघितलं, तरी नाही.

"ने गं दूध," काकी म्हणाल्या. "पैशाचं बघू मागाहून."

"नको काकी. हिचं म्हणणं मी मी नाहीच. मग तुम्ही दूध देताय कुणाला?" नर्स हसून म्हणाली, पिशवी परत ठेवली आणि पोराला सावरत निघून गेली. हसली होती खरी, पण ते हसणं पायरी उतरेपर्यंतही टिकलं नाही.

काका आत गेले. कॉम्प्युटर लावला. नर्सचा फोटो उघडून बघत बसले. काय सुरेख बाई होती ती. गाल सपाट, डोळ्यांखाली स्वच्छ, भुवयांमध्ये एक रेघ नाही. त्यांनी आत्ता पायरी उतरून गेलेली बाई आठवून बघितली. मग परत फोटो बघितला. मग त्यांनी गवंड्याचा फोटो उघडला, आजोबांचा उघडला, शिपायाचा उघडला, आणि एकेक बघता बघता त्यांना कळून चुकलं. यातल्या एकालाही त्यांनी स्वतः रस्त्यात ओळखलं नसतं.

बाहेर काकी म्हणत होत्या, "उद्या त्या पोरीला सांगते, घेऊन जा बाई तुझं हे भूत."

आता काकांची पंचाईत बघा. गप्प बसावं तर यंत्र जाणार, आणि यंत्र गेलं की पोती येणार. बोलावं तर सगळे फोटो रद्द, आणि आपण केलेलं सगळं वायाच नव्हे तर उलटं केलेलं. मग खोली कुठल्या तोंडाने मागायची? शिवाय गप्प बसलं तर निदान अब्रू तरी राहत होती. यंत्र बिघडकं होतं म्हणून सगळे विसरून गेले असते. काका रात्री जेवताना परत मौनात गेले, आणि या वेळी काकींना ते आवडलं नाही. "काय दुखतंय?" त्यांनी विचारलं. काकांनी दातावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी पोरगी आली. तिने यंत्र तपासलं, मग आपल्या फोनवर नोंदवलेले चेहरे एकामागून एक सरकवले. सरकवता सरकवता तिचं बोट थांबलं.

"काका, या सगळ्यांनी एकच क्रीम लावलंय का? या आजोबांच्या तोंडावर एक सुरकुती नाही."

"दिव्यांमुळे असेल," काकी नवऱ्याच्या वतीने म्हणाल्या. "यांचे दिवे फार झगझगीत."

एवढा आयता दोर हाताशी आला होता. काकांनी तो जरा वेळ बघितला.

"दिवे नाहीत," ते म्हणाले. "मी पुसल्या."

"काय पुसल्या?"

"सुरकुत्या. आणि तीळ, चामखीळ, वर्तुळं. सवयीने."

"कुणाकुणाच्या?"

"सगळ्यांच्या. बेकरीवाल्याची एक हनुवटीसुद्धा पुसली. त्याला दोन होत्या."

पोरीने कपाळाला हात लावला. "काका, यंत्र ओळखतं ते त्याच्यावरच. अजून थोडं पुसलं असतं तर एकाने साखर घेतली असती आणि पैसे दुसऱ्याचे गेले असते. आता सगळ्यांचे चेहरे परत घ्यायला लागतील. इथेच, गल्ल्यावर, यंत्रावरच. दिवे नाहीत, पावडर नाही. जसे सामान घ्यायला येतात तसे."

"तसे ते उभे राहायचे नाहीत," काका म्हणाले.

"मग मी घेऊन जाते."

काकी नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे यंत्राचा दोष नाही."

"नाही."

"आणि हे तुम्ही लोकांना सांगणार?"

"सांगायला नको? ती नर्स काल दूध ठेवून गेली."

"आणि खोली?"

"गेलीच म्हण."

त्या संध्याकाळी काका पडद्याबाहेर आले. आधी त्यांनी तेलाचा एक डबा गल्ल्यावर चढवला आणि त्यावर यंत्र ठेवलं, म्हणजे काच बरोबर डोळ्यांसमोर आली. नाकपुड्यांचा प्रश्न तिथेच मिटला. इतक्या दिवसांत हे कुणाला सुचलं नव्हतं, काकांनाही नाही, कारण त्यांना खोली सुचली होती. मग ते रांगेकडे वळले. सवयीने "हनुवटी" एवढं तोंडातून निघालं, ते गिळून म्हणाले, "यंत्र खरं बोलतंय. तुम्ही तुम्ही नाहीच. फोटोत मी तुम्हाला पुसलंय."

काकांना वाटलं, आता कुणीतरी कांदा फेकून मारणार.

गवंडी पुढे झाला. "माझं काय पुसलंत?"

"नाकावरचा तीळ. आणि कपाळावरची ती खोक, वीट पडली होती तेव्हाची."

गवंड्याचा हात नाकाकडे गेला. त्याची बायको मात्र खवळली. "तीळ? तीळ कुणाला विचारून पुसलात? एवढ्या माणसात तेवढी एकच गोष्ट बघण्यासारखी आहे."

आणि मग जे झालं त्याचा अंदाज ना कंपनीला होता, ना काकांना. ज्यांना चेहरा द्यायचा नव्हता, त्या सगळ्यांना आपलं काय पुसलं ते मात्र ऐकायचं होतं. बेकरीवाला आपली गेलेली हनुवटी ऐकून आधी रागावला आणि मग दोन्ही हनुवट्या हलवत हसत सुटला. मेहुण्याला स्वतःपेक्षा बेकरीवाल्याचं ऐकण्यात रस. काही न घ्यायला आलेली माणसंसुद्धा रांगेत शिरली. ऐकून झालं की माणूस आपसूक काचेसमोर उभा राहायचा, पुसलेलं खरंच तिथे आहे का हे बघायला, आणि तेवढ्यात पोरगी त्याचा चेहरा घ्यायची. भांग नाही, पावडर नाही.

बाई पुढे आल्या. काका त्यांच्या हाताखालून गेलेले, तेव्हा त्या त्यांना एकेरीच हाक मारत.

"माझं काय रे?"

"तुमचं काही नाही, बाई."

"काहीच नाही?"

"गळ्याशी जरासं. नावाला."

"खोटं बोलताना तू शाळेतसुद्धा असाच छताकडे बघायचास," बाई म्हणाल्या. पण त्यांनी पुढे विचारलं नाही, आणि काचेसमोर मात्र मान ताठ करून उभ्या राहिल्या. यंत्राने त्यांना एका झटक्यात ओळखलं. त्याची दुसरं काही करायची हिंमतच नव्हती.

छत्रीआजोबा कवळीशिवाय आले होते. "माझं काय काय?"

"आजोबा, तुमचं पुसता पुसता मला मधे चहा घ्यावा लागला होता."

आजोबांना त्याचा अभिमान वाटला. रांगेत मागे वळून त्यांनी ते परत एकदा सांगितलं.

नर्स सगळ्यांत शेवटी आली, ड्यूटीवरून, केस कसेतरी बांधलेले. तिने विचारायच्या आधीच काका सांगायला लागले.

"भुवयांच्या मधली रेघ," ते म्हणाले. "आणि डोळ्यांखालचं सगळं."

"ते माझं नाही, ते ड्यूटीचं आहे," नर्स म्हणाली. "पुसायचीच होती तर ड्यूटी पुसायची होती."

"ते येत नाही मला."

"मग घ्या आता. आहे तशी." ती डब्यावरच्या काचेसमोर उभी राहिली. जरा वेळ बघत राहिली. या वेळी तिने 'ही कोण' असं विचारलं नाही.

"ओळख पटली. धन्यवाद," यंत्र म्हणालं, आणि नर्सने दुधाची पिशवी उचलली.

यंत्र राहिलं. आकडे विसरायची पाळी कुणावर येईना, संध्याकाळची रांग भरभर सरकू लागली. छत्रीआजोबा अजून दुकानावरून जाताना छत्री धरतात, पण दुकानात आले की मिटतात. म्हणतात, व्यवहार वेगळा आणि सावधपणा वेगळा.

दुकान बंद करताना एकदा काकींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुकानाच्या परवान्यावर माझा फोटो आहे. तुम्हीच काढलेला. त्यात काय पुसलंत?"

"पुसायला बसलो होतो," काका म्हणाले. "तेवढ्यात तू आलीस आणि म्हणालीस, रिकामेच बसलाय ना, जरा पोतं उचलू लागा."

"मग?"

"मग राहिलं ते राहिलं."

कुलूप लावायच्या आधी काकी परत आत गेल्या आणि भिंतीवरच्या परवान्यासमोर जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या.

आता खोलीचं. नवा माल आला त्या दिवशी काकांनी स्वतःच कोट, आरसा, दिवे आवरायला घेतले. काकी दारात येऊन म्हणाल्या, "हे काय चाललंय? यंत्र चाललं तर खोली तुमची, असं ठरलं होतं. चाललं ना यंत्र?"

"चाललं. पण माझ्यामुळे थोडंच..."

"कुणामुळे ते ठरलं नव्हतं. शब्द तो शब्द." आणि त्यांनी हमालाला हाक मारली. "घरी घेऊन चल सगळा माल."

काकांना भरून आलं. ते घरी पोचेपर्यंत टिकलं. पिठाची पोती स्वयंपाकघरात रचली होती. तेलाचे डबे न्हाणीच्या दारात. साबणाची खोकी पलंगाला लागून, काकांच्या बाजूला, आणि उशाशी कांदे. पलंगावर चढायचं तर पायथ्याकडून रांगत जावं लागे आणि कूस बदलायची तर आधी काकींना उठवावं लागे. काकींची काही तक्रार नव्हती. त्या शांत झोपत. काका कांद्यांकडे तोंड करून, पाणावलेल्या डोळ्यांनी, जिंकल्याचं सुख भोगत पडून राहत.

तिसऱ्या-चौथ्या सकाळी ते म्हणाले, "मी काय म्हणतो, थोडी पोती खोलीत ठेवली तरी चालतील."

"नको हो. तुमच्या कलेत कांदा कशाला?"

"भिंतीला लागून. स्टूल आहे तिथवर."

"लोक काय म्हणतील? नवऱ्याला शब्द दिला आणि फिरवला?"

"मीच सांगतोय ना."

"तुम्ही आज सांगाल, उद्या जेवताना गप्प बसाल."

शेवटी काकांना अक्षरशः गळ घालावी लागली, तेव्हा कुठे काकी तयार झाल्या, आणि त्याही अशा अटीवर की पोती काकांनीच वाहायची. काकांनी ती वाहिली. भिंतीला लागून म्हणता म्हणता ती स्टुलापर्यंत आली, आणि मग स्टुलालाच जागा उरली नाही.

फोटो काढायला अजून अधूनमधून कुणी ना कुणी येतं. येणारा आधीच बजावतो, काका, तीळ राहू द्या हं, आणि काका सवयीने पुढे गेलेला हात मागे घेतात. गिऱ्हाईक तांदळाच्या पोत्यावर बसतं. पोत्यावर बसलं की माणसाची पाठ आपोआप ताठ राहते, स्टुलावर ते कधी जमायचं नाही, असं काका आता ज्याला त्याला सांगतात. जसं काही पोती आणायचं त्यांच्याच मनात कधीपासून होतं.